कोमुना १३ ची टूर: चित्रं बघाच, पण पायऱ्यांकडेही बघा

चार तारे. पाचवा का कापला ते खाली येईलच, पण कोलंबियात मेडेयिनला जाणार असाल तर तिथल्या कोमुना १३ ह्या डोंगरवस्तीतली ही भित्तिचित्रांची टूर चुकवू नका, एवढं आधीच सांगून ठेवते.

लेक ह्यूस्टनला असते. तिच्याकडे गेलो होतो तेव्हा तिनेच ही सहल आखली. पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसा असेल आणि त्याची मुदत निदान सहा महिने शिल्लक असेल तर भारतीयांना कोलंबियाचा वेगळा व्हिसा लागत नाही, म्हणून जमलं. (नियम बदलत असतात, तिकीट काढण्याआधी तपासून घ्या.) मेडेयिनचं नाव काढल्यावर आमच्या ह्यांना एकच माणूस आठवला, आणि तुम्हालाही तोच आठवला असेल. त्याच्याबद्दल पुढे बोलते.

मी एका महापालिकेत पावसाळी गटारं आणि संरक्षक भिंतींच्या कामांवर अख्खी नोकरी काढली. राहायला घाटकोपर. डोंगरावरची वस्ती म्हटलं की माझी नजर आधी खाली जाते: पाणी कुठून येतं, कुठे जातं, माती कशाने धरून ठेवली आहे. तेव्हा हा रिव्ह्यू थोडा त्या अंगाने जाणार. नुसते फोटोचे स्पॉट हवे असतील तर इन्स्टाग्रामवर ढिगाने मिळतील.

मेडेयिन समुद्रसपाटीपासून सुमारे १५०० मीटरवर, दोन्ही बाजूंनी डोंगर असलेल्या अरुंद खोऱ्यात वसलंय. शहराचे १६ प्रभाग आहेत, त्यांना कोमुना म्हणतात. तेरावी कोमुना पश्चिमेच्या उतारावर, तिचं नाव सान हाविएर. टूर सुरू होते सान हाविएर मेट्रो स्टेशनच्या बाहेर, त्यामुळे मेट्रोचा प्रवास आपोआपच टूरचा भाग होतो. ही मेट्रो १९९५ पासून धावते आहे. देशात अजून दुसरी नाही, राजधानी बोगोटात आत्ता कुठे बांधकाम चालू आहे. तीस वर्षांच्या गाड्या, पण सीटवर ओरखडा नाही, खिडकीवर नाव कोरलेलं नाही, डब्यात कोणी खात नाही. शहरातले लोक मेट्रोचा अभिमान बाळगतात असं वाचलं होतं. तो अभिमान म्हणजे काय ते पुसलेल्या फरशीवर दिसलं.

आमचा गाईड तिशीच्या आतबाहेरचा, ह्याच उतारावर जन्मलेला. इंग्रजी पर्यटकांबरोबर फिरता फिरता शिकलेला, तरी छान, सावकाश बोलणारा. माझा गुडघा बघून त्याने पहिल्या दहा मिनिटांतच सांगून टाकलं की आई, तुम्ही माझ्या पुढे चाला, म्हणजे तुमच्या वेगाने सगळे चालतील. पोराला टूर कशी न्यायची ते कळत होतं. टूर कंपनीचं नाव मुद्दाम देत नाहीये, कारण खाली थोड्या तक्रारी आहेत आणि त्या इथल्या बऱ्याच टूरना लागू पडतील. शोधताना एकच पाहा: गाईड त्याच वस्तीतला आहे ना. शहरातल्या हॉटेलातून एसी गाडीत नेऊन आणणारा माणूस तुम्हाला हीच भिंत दाखवेल, पण भिंतीमागच्या घरात कोण राहत होतं ते सांगू शकणार नाही.

सुरुवातीलाच त्याने एक अट घातली. ह्या टूरमध्ये पाब्लो एस्कोबार (तोच तो, मेडेयिनचा कुख्यात कोकेन माफिया) येणार नाही, ज्यांना तो हवा त्यांच्यासाठी शहरात वेगळ्या गाड्या निघतात. कारणही दिलं: एस्कोबार १९९३ च्या डिसेंबरात मारला गेला आणि कोमुना १३ चे सर्वांत वाईट दिवस त्यानंतरचे. डाव्या गनिमांच्या शहरी टोळ्या इथे आधीपासून होत्या, फार्क, ईएलएन आणि कॅप नावाची एक स्थानिक. मग उजव्या निमलष्करी टोळ्या आल्या. भांडण ह्या डोंगरासाठीच का? कारण इथून पश्चिमेकडे समुद्राकडे जाणारा रस्ता निघतो. शस्त्रं आत आणायला आणि माल बाहेर काढायला हाच दरवाजा. मी नकाशे वाचणारी बाई, मला हे एका वाक्यात पटलं.

नंतर २००२. त्या वर्षी लष्कर आणि पोलिसांनी ह्या वस्तीत एकामागून एक मोहिमा काढल्या. २१ मे ला ऑपरेशन मारिस्काल झालं. गोळीबार थांबेना, लहान मुलं जखमी व्हायला लागली, तेव्हा घराघरांतून माणसं पांढऱ्या चादरी, रुमाल, टॉवेल, हाताला लागेल ते फडकवत गल्लीत उतरली, आणि सैन्याला मागे फिरावं लागलं. १६ ऑक्टोबरला पहाटे ऑपरेशन ओरिओन सुरू झालं. ह्या वेळी हजाराहून जास्त सशस्त्र जवान आणि वरून हेलिकॉप्टर. गाईड तेव्हा शाळेत होता. आईने खिडकीला गादी टेकवली आणि मुलांना पलंगाखाली सारलं, हे त्याने सांगितलं, आणि लगेच म्हणाला की चला, उन्हात उभे राहू नका, पुढच्या वळणावर सावली आहे. सहानुभूती गोळा करत बसला नाही, हे मला आवडलं.

ते हत्तींचं चित्र त्याच सावलीच्या वळणावर भेटलं. भिंतीभर हत्ती आणि त्यांच्या सोंडांत पांढरे रुमाल. हत्ती विसरत नाही म्हणून हत्ती, आणि रुमाल मे महिन्यातले. मी जवळ जाऊन पाहिलं. इथली घरं भोकं असलेल्या नारिंगी मातीच्या विटांची, आणि जिथे गिलावा पातळ आहे तिथे विटेवरच्या रेघा रंगातून वर येतात. हत्तीच्या कानावर त्या रेघा अशा पडल्या होत्या की चित्रकाराने मुद्दाम सुरकुत्या काढल्यात असं वाटावं. खालच्या कोपऱ्यात कोणाच्या तरी घराचा पाण्याचा मीटर होता. त्याच्याभोवती व्यवस्थित चौकोन सोडून रंग दिला होता, म्हणजे रीडिंग घेणाऱ्याची अडचण होऊ नये. कौतुक करावं तर ह्या चौकोनाचंही करावं.

बाकी चित्रं पुष्कळ आहेत: कृष्णवर्णीय बायकांचे मोठाले चेहरे, पोपट, वाघासारखे प्राणी, डोळेच डोळे. चोता नावाने सही करणारा इथलाच चित्रकार आहे, त्याचं काम एकदा ओळखायला लागलं की पुढे लांबूनही कळतं. काही भिंती दर थोड्या काळाने पुन्हा रंगवल्या जातात, त्यामुळे मैत्रिणीने दाखवलेला फोटो घेऊन तीच भिंत शोधत बसू नका.

एका चढावर गाईडने समोरच्या डोंगरावरचा एक उघडा, खरवडलेला भाग दाखवला. ला एस्कोम्ब्रेरा, शहराचा बांधकामाचा राडारोडा टाकायची जागा. ओरिओननंतर वस्तीतून नाहीशी झालेली माणसं तिथे पुरली आहेत, हे इथल्या बायका वीस वर्षांहून जास्त काळ सांगत होत्या. कोणी लक्ष दिलं नाही. त्या पुरलेल्या माणसांवर राडारोड्याचे ट्रक रिकामे होतच राहिले. २०२४ च्या डिसेंबरात तिथे खोदकामात मानवी हाडं सापडली. त्याआधी २०१६ मध्ये आंतर-अमेरिकी मानवाधिकार न्यायालयाने ह्याच कोमुनेतल्या महिला कार्यकर्त्यांच्या खटल्यात कोलंबिया सरकारला जबाबदार धरलं होतं. राडारोडा कसा टाकतात, थर कसे चढतात, मला माहिती आहे. मीटरच्या मीटर भरावाखाली काही शोधायचं म्हणजे काय काम आहे, हे आमच्या ग्रुपात बहुधा मलाच कळलं असेल.

आणि ह्या सगळ्यात स्प्रेपेंट कुठून आलं? मला वाटत होतं महापालिकेने सुशोभीकरणाचं टेंडर काढलं असणार. तसं नाही. हिपहॉप करणारी पोरं इथे आधीपासून होती: गाणारी, नाचणारी, भिंती रंगवणारी. बंदूक घेतली नाही तर पोराने करायचं काय, ह्याचं त्यांनी शोधलेलं उत्तर. त्यातला कोलाचो नावाचा रॅपर २००९ मध्ये गोळी घालून मारला गेला. त्याच्या नावाने मित्रांनी कासा कोलाचो हे केंद्र उभं केलं आणि लोकांना चित्रं दाखवत वस्तीची गोष्ट सांगणारी 'ग्राफितूर' सुरू केली. म्हणजे टूर नावाची गोष्ट इथे ट्रॅव्हल कंपनीने आणलेली नाही, वस्तीने आपली गोष्ट आपणच सांगायला घेतली, कंपन्या मागाहून आल्या.

आता माझा आवडता भाग. सरकते जिने.

डोंगरउतारावर, उघड्यावर, दाट वस्तीच्या मधोमध सहा टप्प्यांचे सरकते जिने, एकूण लांबी ३८४ मीटर, २०११ च्या डिसेंबरपासून चालू. २८ मजली इमारत चढण्याएवढी चढण त्यांनी वाचवली असं सांगतात. फुकट आहेत. वर नारिंगी छत. आमच्याकडे उघड्यावरचा सरकता जिना म्हटला की पहिल्या पावसानंतर दोरी बांधून 'बंद आहे'ची पाटी लागलेली असते, त्यामुळे मी तिथे पोचल्यावर चित्रांकडे पाठ करून जिन्याकडेच बघत उभी राहिले. प्रत्येक टप्प्याच्या तोंडाशी माणूस आहे, तो लक्ष ठेवतो, म्हातारी आली तर हात देतो. जिन्याच्या दोन्ही अंगांना पाणी वाहून नेणारे चर आहेत आणि (हे महत्त्वाचं) त्या चरांवरच्या जाळ्यांत कचरा अडकलेला नव्हता. मी दोन जाळ्या वाकून बघितल्या. ह्यांनी फोटो काढला, मागे भलंमोठं रंगीत चित्र आणि पुढे गटारात डोकावणारी मी.

जिने काही एकटे आले नाहीत. सान हाविएरहून वर ला आउरोरापर्यंत जाणारी केबल कार २००८ ची. स्टेशनाजवळचं ग्रंथालय त्याच्याही आधीचं. २००४ नंतरच्या महापौरांनी ठरवून गरीब उतारांवर आधी पैसा ओतला, आणि तो ओतता आला कारण शहराची वीज, पाणी, गॅस आणि सांडपाणी सांभाळणारी ईपीएम ही कंपनी शहराच्या मालकीची आहे आणि तिच्या नफ्यातला मोठा वाटा दरवर्षी महापालिकेच्या तिजोरीत येतो. गाईडला हे विचारलं तेव्हा तो हसला. म्हणाला, बायका बहुतेक मँगो कुठे मिळेल ते विचारतात. पण उत्तर नीट दिलं, आणि नळजोडणी, वीज मीटर, गॅसची पाइपलाइन कुठल्या घरापर्यंत कधी आली तेही सांगितलं. वर जाऊन बघा: पायऱ्यांना कठडे आहेत, भिंतींना पाणी झिरपायला नळ्या सोडल्यात, आणि डोंगराच्या कमरेला धरून जाणारा रुंद पादचारी पूल एका भागातून दुसऱ्या भागात नेतो. पूर्वी ह्याच दोन भागांमध्ये टोळ्यांच्या अदृश्य सीमा होत्या. ओलांडली तर जीव जायचा.

आमच्या घाटकोपरजवळची असल्फ्याची टेकडी आठवणारच. २०१७-१८ च्या हिवाळ्यात 'चल रंग दे'वाल्यांनी ती रंगवली, तेव्हा आम्ही मेट्रोतून बघून खूश झालो होतो. अजूनही होतो. रहिवासी आणि बाहेरून आलेली पोरंपोरी मिळून राबली होती. पण चढण तीच राहिली, आणि रंग द्यायला आलेल्या पोरांनी जिने बांधावेत अशी अपेक्षा करणंही चूक. ते काम ज्यांचं त्यांचं. जुलै २००० मध्ये घाटकोपरच्याच आझाद नगरात दरड घरांवर आली होती. डोंगरउताराची वस्ती सुधारायची तर कुठून सुरुवात करायची, हे आम्हाला तेव्हापासून माहीत आहे.

खाण्याचं. वर जिन्यांच्या आजूबाजूला 'क्रेमा दे मांगो बिचे' मिळतं, म्हणजे कैरीचा गोळाच, प्लास्टिकच्या कपात गोठवलेला, वरून लिंबू पिळून मीठ टाकलेलं. पहिल्या चमच्याला दात शिवशिवले आणि ह्यांनी तिथल्या तिथे दुसरा घेतला. तिखट मागितलं तर बाई आश्चर्याने बघत राहिली, मग आतून कुठून तरी बाटली घेऊन आली. शाकाहारी असाल तर एम्पानादाच्या (तळलेल्या करंजीसारखा प्रकार) वाट्याला जाताना 'सिन कार्ने', म्हणजे मांस नाही ना, असं दोनदा विचारा, कारण बटाट्याच्या सारणातही खिमा असतो. चीज घातलेला आरेपा (मक्याची जाडसर भाकरी) आणि तळलेल्या केळ्याचा पाताकोन बिनधास्त खा.

आता तो पाचवा तारा.

गर्दी. आम्ही शनिवारी गेलो आणि दुपारी अकरानंतर जिन्याच्या वरच्या टप्प्यांवर पाऊल ठेवायला जागा नव्हती. एका ग्रुपात वीसहून जास्त माणसं, गाईडकडे माइक नाही, आणि दर पन्नास पावलांवर दुकानाचा स्पीकर, प्रत्येकाचं रेगेटोन गाणं वेगळं. ओरिओनबद्दल ऐकत असताना मागून 'अ ला ऑर्देन, अ ला ऑर्देन' अशी गिऱ्हाइकांना हाक चालू. मागच्या लोकांना निम्मं ऐकूच गेलं नाही. कंपनीने फक्त ग्रुप लहान ठेवला असता तरी पुरे होतं.

दुसरं, दुकान. टूरच्या मध्यावर एका गॅलरीत आम्हाला नेऊन जवळपास अर्धा तास सोडून दिलं. टोप्या, मॅग्नेट, प्रिंट. चित्रकाराने स्वतः विकलेली प्रिंट असेल तर मी आनंदाने घेईन, एक घेतलीही. पण शेजारच्याच दुकानात एस्कोबारच्या तोंडाचे टी-शर्ट टांगलेले. ज्या टूरची पहिली अट 'तो येणार नाही' अशी होती तिने त्याच्या शेजारी मला उभं करावं, हे काही बरोबर नाही. गाईडलाही आवडत नसावं, तो दाराबाहेर रस्त्यावर थांबला.

तिसरं जरा नाजूक आहे. इथे माणसं राहतात. मी एका अरुंद जिन्यावर कडेला उभी होते तर खांद्यावर सिमेंटची गोणी घेतलेला एक माणूस वर येत होता आणि वर सेल्फी काढणाऱ्या चौघी पायरी अडवून हसत होत्या. तो काही बोलला नाही, गोणी सावरत थांबला. शेवटी मीच मराठीत ओरडले, 'अगं सरका की!' सरकल्या. भाषा कळावी लागत नाही. टूरवाल्यांनी सुरुवातीला दोन मिनिटं ह्यावर घालवायला काय हरकत आहे? गाईडच्या म्हणण्याप्रमाणे जिन्यालगतची बरीच घरं आता दुकानांना भाड्याने गेलीत आणि ती कुटुंबं डोंगरावर आणखी वर सरकलीत. कमाई झाली हे खरं, सगळ्यांची सारखी झाली नाही. आणि टोळ्या पूर्ण गेल्यात का, असं एका अमेरिकन मुलाने विचारलं तेव्हा गाईडने आवाज खाली करून सांगितलं की दुकानदार अजून 'हप्ता' देतात, पण हा विषय इथे उभं राहून बोलायचा नाही. ते ऐकल्यावर टूरच्या वाटेबाहेरच्या गल्लीत एकट्याने घुसू नका हे वेगळं सांगायला नको.

नाचणारी पोरं मात्र गर्दीतही बघा. काँक्रीटवर डोक्यावर गरगर फिरतात, मग टोपी फिरवतात. एक रॅपर प्रत्येकाला देश विचारून जागच्या जागी कडवं रचत होता. आमच्यावर काय रचलं ते लेकीने अर्धवटच सांगितलं, त्यावरून ते माझ्या गुडघ्याबद्दल असावं.

कामाचं बोलायचं तर: आठवड्याच्या मधल्या दिवशी, सकाळची पहिली टूर घ्या. दुपारनंतर पाऊस येतो, आणि पायऱ्या ओल्या झाल्या की घसरतात, चपला नकोत, बूट घाला. छोटी छत्री जवळ ठेवा. गुडघे दुखत असतील तर घाबरू नका, चढण जिने करतात, पण त्यांच्यापर्यंत पोचायला आणि मधल्या गल्ल्यांत पायऱ्या आहेतच. टॉयलेट दुकानांतच, थोडे पैसे देऊन. एका रुपयाला साधारण चाळीस-पन्नास पेसो मिळतात, त्यामुळे हजारांच्या नोटा बघून दचकू नका, पण सुट्ट्या ठेवा: टोपी फिरवणाऱ्यांसाठी, कैरीसाठी, टॉयलेटसाठी. 'फ्री टूर' अशी पाटी असलेल्या टूरही आहेत, त्या शेवटी बक्षिसीवर चालतात आणि गाईडची कमाई तीच असते, तेव्हा फुकट समजून हात हलवत निघू नका.

टूर संपली की लगेच टॅक्सी करू नका. सान हाविएरला परत येऊन केबल कार पकडा आणि ला आउरोरापर्यंत जाऊन या. खाली पत्रे, टाक्या, वाळत घातलेले कपडे, गच्चीवर अभ्यास करणारी मुलं असं सगळं दिसतं, आणि कोणी काही विकायला येत नाही. आमच्या डब्यात शाळेतून घरी निघालेल्या दोन मुली होत्या. मोबाइलमधून मान वर न काढता त्या त्यांच्या स्टेशनला उतरून गेल्या.